‘सर गप्प झाले की पोटात गोळा येतो’

वाचकाचे पत्र

‘मी ११ जणांच्या तांत्रिक टीमचा प्रमुख होऊन दोन वर्षे होत आली. त्याआधी आठ वर्षे मी याच टीममध्ये काम केले आणि कामावरची पकड पाहूनच मला ही जबाबदारी देण्यात आली. मी कधीही आवाज चढवत नाही, कोणाला चारचौघांत बोलत नाही आणि माझ्या मनःस्थितीचा परिणाम कामावर होऊ देत नाही, याचा मला अभिमान होता. गेल्या सहा महिन्यांत दोन चांगले सहकारी नोकरी सोडून गेले. मागच्या महिन्यात ग्राहकासमोर सादरीकरण चालू असताना आमची प्रणाली बंद पडली. ती तशी बंद पडू शकते हे टीममधल्या तिघांना तीन आठवडे आधीपासून माहीत होते, असे मला नंतर कळले. ते कळले तेव्हा मी “ठीक आहे” एवढेच म्हणालो आणि लॅपटॉप मिटवून बाहेर पडलो. पुढचे दोन दिवस मी कोणाशी फारसे बोललो नाही. वार्षिक मूल्यमापनात टीमकडून निनावी अभिप्राय घेतला जातो. त्यात एकाने लिहिले आहे, “सर कधी रागावत नाहीत, पण ते गप्प झाले की पोटात गोळा येतो.” माझ्या वरिष्ठांनी मला भावनिक बुद्धिमत्ता वाढवण्याचा सल्ला दिला. मी दोन दिवसांची कार्यशाळा केली आणि एक ऑनलाइन चाचणी दिली. तिच्यात मला १०० पैकी ८४ गुण मिळाले. मग चुकते कुठे? ही गोष्ट उपजतच असावी लागते का? तसे असेल, तर मी हे पद सोडून पुन्हा तांत्रिक कामाकडे वळावे का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील सगळ्यांत मोलाचे वाक्य तुमच्या त्या निनावी सहकाऱ्याचे आहे. ते वाचताना तुम्हाला लागले असणार, हे मी समजू शकते. तरीही ते पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे, कारण त्या व्यक्तीने थोडा धोका पत्करून तुम्हाला एक अशी गोष्ट सांगितली आहे, जी तुम्हाला स्वतःहून दिसणे जवळजवळ अशक्य होते: तुम्ही जिला शांतता समजता, ती समोरच्यापर्यंत शांतता म्हणून पोहोचत नाही. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या वाक्याच्या आसपासच आहेत, म्हणून मीही त्याला धरूनच लिहिणार आहे.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे राग येऊ न देणे, किंवा आलेला राग दिसू न देणे, अशी तुमची समजूत झालेली दिसते. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना एका शास्त्रीय लेखात मांडली, तेव्हा तिचा अर्थ बराच नेमका होता: स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांच्यातील फरक जाणणे आणि त्यांतून मिळणारी माहिती विचार करताना व वागताना उपयोगात आणणे. पुढे १९९७ मध्ये त्यांनी या क्षमतेचे चार भाग सांगितले. पहिला भाग भावना टिपण्याचा, दुसरा विचाराला मदत म्हणून त्या वापरण्याचा, तिसरा त्या कशातून उद्भवतात आणि पुढे कोणते वळण घेतात हे समजण्याचा, आणि चौथा त्यांचे नियमन करण्याचा. मधल्या काळात, १९९५ मध्ये आलेल्या डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर पोहोचला, परंतु त्याचा पसाराही तितकाच वाढला आणि चिकाटीपासून मनमिळाऊपणापर्यंत बहुतेक सगळे सद्गुण त्यात कोंबले गेले. तुमच्यासारख्या स्थितीत असलेल्या माणसाला मूळची मोजकी मांडणीच जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे, कारण तिच्यात भावनेकडे माहिती म्हणून पाहिले आहे. तुम्ही पहिले तीन भाग ओलांडून थेट चौथ्यावर गेला आहात, आणि नियमनाचा एकच मार्ग तुम्हाला ठाऊक आहे: दडपून टाकणे.

दडपणे हा नियमनाचा सर्वांत महागडा मार्ग आहे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षे प्रयोग केले आहेत. भावना पूर्ण उसळण्याआधी प्रसंगाकडे वेगळ्या अर्थाने पाहणे आणि भावना उसळल्यानंतर ती चेहऱ्यावर दिसू न देणे, या दोन गोष्टींचे परिणाम अगदी वेगळे असतात, असे त्यांच्या कामातून दिसते. दडपणाऱ्या माणसाची आतली भावना त्यामुळे विशेष कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण वाढतो. तुमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवून तिच्याविषयी आपसांत बोलायला सांगण्यात आले, आणि काही जोड्यांतील एकीला भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची सूचना गुपचूप देण्यात आली. अशा जोड्यांमध्ये जिला कोणतीही सूचना नव्हती, त्या दुसरीचाही रक्तदाब वाढलेला आढळला. समोरचा माणूस काहीतरी आत धरून बसला आहे, हे शब्दांवाचूनही पोहोचते, आणि ऐकणाऱ्याचे शरीर त्याला उत्तर देते. तुमच्या सहकाऱ्याने लिहिलेला पोटातला गोळा हा शब्दालंकार नाही.

त्यात तुम्ही त्यांचे वरिष्ठ आहात. बरोबरीचा सहकारी गप्प बसला, तर त्याची झोप झाली नसेल असे म्हणून आपण सोडून देतो. ज्याच्या हातात आपले मूल्यमापन आहे तो गप्प बसला, तर मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यात लोकांचे अर्धे लक्ष खर्च होते, आणि माहितीच्या अभावी लावलेला अर्थ सहसा वाईटाच्या बाजूचा असतो. सादरीकरणानंतरच्या त्या दोन दिवसांत तुम्ही बहुधा दुरुस्तीचा विचार करत होता. तुमची टीम मात्र कोणाची नोकरी जाणार, याचा विचार करत होती, अशी माझी अटकळ आहे.

ते तिघे तीन आठवडे का बोलले नाहीत, याचे उत्तरही येथेच शोधा. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या पथकांचे नेतृत्व व आपसांतील संबंध चांगले होते, त्यांच्या नावावर औषधे देण्यातील चुका जास्त नोंदल्या गेलेल्या दिसल्या. चांगली पथके जास्त चुका कशी करतील, हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यातून हे लक्षात आले की तेथे चुका लपवल्या जात नसाव्यात, म्हणून त्या नोंदीत येत होत्या. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९९९ च्या लेखात त्यांनी मानसिक सुरक्षिततेची कल्पना पथकांच्या संदर्भात मांडली: या गटात प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वाईट बातमी सांगितली तर आपली मानहानी होणार नाही, असा सर्वांचा विश्वास. तुमच्यापर्यंत वाईट बातम्या कमी येत असतील, तर त्यात समाधान मानू नका. तुमच्या कामात ती चिंतेची खूण आहे.

आता काय करावे, याकडे येते. पहिले काम एकट्याने करायचे आहे, आणि ते शब्दांचे आहे. मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना भावना व्यक्त करणारे चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूतील हालचाली पाहण्यात आल्या. चेहऱ्यावरील भावनेला नाव देताना मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. हा भाग धोक्याची चाहूल लागताच सक्रिय होतो. नाव दिल्याने भावना नाहीशी होत नाही, पण तिची पकड सैल होते. आणि नाव जितके नेमके, तितका त्याचा उपयोग जास्त. लिसा फेल्डमन बॅरेट यांनी भावनांमधील हा बारकावा ओळखण्याच्या क्षमतेवर बरेच काम केले आहे.

या बाबतीत आपली भाषा आपल्याला मोठी साथ देते, आणि आपण तिचा पुरेसा उपयोग करत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. ‘राग आला’ हे आपण सरसकट म्हणतो. पण वैताग, चीड, त्रागा, संताप, उद्वेग आणि नाराजी यांपैकी प्रत्येकाचे कारण वेगळे असते आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा असतो. वैताग त्याच त्या अडथळ्याचा येतो, त्यामुळे उपाय पद्धत बदलण्याचा असतो. चीड अन्यायाची येते, तेव्हा नियमांविषयी बोलावे लागते. उद्वेग आशा संपत आल्याची खूण असतो, आणि तेथे पद्धत किंवा नियम बदलून भागत नाही. नाराजीच्या मुळाशी बहुतेक वेळा न सांगितलेली अपेक्षा असते, म्हणून ती अपेक्षा उघड बोलून दाखवणे हाच तिच्यावरचा उतारा. रागाच्या पांघरुणाखाली कित्येकदा राग नसतोच. ओशाळलेपण असते, धास्ती असते, नाहीतर आपल्याला डावलले गेल्याचे दुःख असते.

‘ठीक आहे’ म्हणून लॅपटॉप मिटवलात, त्या क्षणाकडे या दृष्टीने परत जा. ग्राहकासमोर प्रणाली बंद पडली याची ती शरम होती का? वरिष्ठांना काय सांगायचे याची धास्ती होती का? की ज्यांच्याबरोबर तुम्ही आठ वर्षे बरोबरीने काम केले, त्यांनी आपल्याला बाहेर ठेवले, हे मनाला लागले? मला तिसरी शक्यता जास्त वाटते, पण माझ्या वाटण्याला महत्त्व नाही, कारण हे फक्त तुम्हीच तपासू शकता. पुढचा महिनाभर, ज्या बैठकीनंतर तुम्हाला एकटे राहावेसे वाटेल, तिच्यानंतर वहीत तीनच गोष्टी लिहा: काय घडले, शरीरात कोठे काय जाणवले आणि त्या भावनेला सर्वांत चपखल बसणारा शब्द कोणता. शरीराची नोंद गाळू नका. जबडा आवळला जाणे किंवा हात गार पडणे या गोष्टी आपल्याला स्वतःच्या मनाच्या आधी कळवतात, आणि बराच काळ भावना दडपण्याची सवय झालेल्या माणसाला सुरुवातीला तेवढाच मार्ग उघडा असतो.

दुसरे काम त्या शब्दाचा काही भाग टीमपर्यंत पोहोचवण्याचे आहे. मन मोकळे करणे आणि मन दुसऱ्यावर रिकामे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला पहिली हवी आहे, आणि तीही मोजकी. वाईट बातमी आल्यावर तुम्हाला विचार करायला वेळ लागतो, हा दोष नाही. तो वेळ तुम्ही कशासाठी घेत आहात हे इतरांना कळत नाही, तेथे गाडी अडते. म्हणून असे म्हणून पाहा: ‘हे ऐकून मला काळजी वाटते आहे. आत्ता लगेच काही ठरवणे बरोबर होणार नाही, मला तासभर द्या. चार वाजता आपण पुन्हा बसू आणि तेव्हा फक्त दुरुस्तीविषयी बोलू.’ या तीन वाक्यांत तुमची भावना आहे, तिचे कारण आहे, पुढची वेळ आहे आणि कोणाचा न्यायनिवाडा होणार नाही याची हमी आहे. तुमचे गप्प बसणे तसेच राहील, पण त्याचा अर्थ लावण्याचे काम त्यांच्यावर पडणार नाही. मात्र चार वाजता बसाच. एकदा जरी ती वेळ टळली, तरी लोक पुढच्या वेळी तुमच्या शब्दांऐवजी पुन्हा तुमचा चेहरा वाचू लागतील.

तिसरी गोष्ट इतरांच्या भावना ओळखण्याची, आणि येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मी अनेक वर्षे एका संपादन विभागाची प्रमुख होते. आमचा एक अतिशय चोख काम करणारा सहकारी एकदा हळूहळू मागे पडू लागला. मुदती चुकू लागल्या, बैठकीत तो खाली मान घालून बसू लागला. त्याच्या घरी आजारपण चालू होते हे मला माहीत होते, म्हणून त्याच्या जागी स्वतःला ठेवून मी विचार केला आणि त्याचे निम्मे काम दुसऱ्याकडे सोपवले. माझ्या दृष्टीने ती माया होती. दोन महिन्यांनी तो राजीनामा घेऊन आला, तेव्हा मी पहिल्यांदा त्याला काय झाले ते विचारले. घरचे आजारपण त्याने व्यवस्थित सांभाळले होते. एका मोठ्या कामाच्या श्रेयनामावलीतून त्याचे नाव गळले होते, ते मी पाहिलेही नव्हते, आणि त्यानंतर मी त्याचे कामही काढून घेतल्यामुळे आपण नकोसे झालो आहोत अशी त्याची खात्री पटली होती. मी त्याच्या जागी स्वतःला ठेवले होते, परंतु त्या जागी बसून विचार मी माझाच करत होते.

याला पुष्टी देणारे संशोधन मला फार नंतर वाचायला मिळाले. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहिल्याने त्याच्या मनातले अधिक अचूक ओळखता येते, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अचूकता वाढली ती त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून त्याच्याकडून जाणून घेतल्यावर. म्हणून सहकाऱ्यांचे चेहरे वाचण्याची कला शिकण्यात वेळ घालवू नका. विचारायला शिका. ‘सगळे ठीक ना?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्याचे उत्तर प्रश्नातच ठरलेले असते. त्याऐवजी जे दिसले ते सांगून विचारा: ‘गेल्या दोन बैठकांत तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्याकडून काही राहून गेले आहे का, की कामात काही अडले आहे?’ उत्तर मिळाल्यावर लगेच उपाय सुचवू नका. तांत्रिक कामात मुरलेल्या माणसाला ही सर्वांत अवघड शिस्त वाटते, कारण अडचण दिसली की ती सोडवणे हाच त्याचा स्वभाव झालेला असतो. आधी जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगा आणि ‘बरोबर समजलो का?’ असे विचारा. ‘नाही, तसे नाही’ असे उत्तर आले, तर ते चांगलेच झाले असे समजा, कारण तुम्हाला खोडून काढण्याइतके बळ त्या माणसाला मिळाले आहे.

यात कामाविषयीचा कठोरपणा सोडावा, असे मी मुळीच म्हणत नाही. तिघांनी धोक्याची माहिती दडवली ही गंभीर गोष्ट आहे आणि त्यांना ती स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. प्रश्न सांगण्याच्या रीतीचा आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाविषयीच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने पाहता अभिप्रायाने कामगिरी सुधारत होती, परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती उलट घसरली होती. त्यांच्या मांडणीनुसार, अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ या प्रश्नावर गेले, की त्याचा परिणाम कमी होत जातो. म्हणून ‘तुम्ही बेजबाबदार वागलात’ असे न म्हणता, कोणत्या दिवशी कोणती माहिती कोणाकडे होती, ती न पोहोचल्यामुळे नेमके काय घडले आणि पुढच्या वेळी ती किती वेळात कोणाकडे पोहोचली पाहिजे, एवढेच बोला. त्यानंतर त्यांना विचारा की त्यांना कशाने थांबवले. त्या उत्तरात तुमचे नाव येईल. ते आले, की स्वतःची बाजू मांडू नका, लिहून घ्या.

ही गोष्ट उपजत लागते का, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. काहींना ती सहज जमते, काहींना कष्टाने, पण ती शिकता येते. प्रशिक्षणाच्या परिणामांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक एकत्रित आढावा अशा प्रशिक्षणाने मध्यम स्वरूपाची वाढ होते असे सांगतो. दोन दिवसांची कार्यशाळा तुम्हाला शब्द देऊ शकते, सवय देऊ शकत नाही. चाचणीतील ८४ गुणांकडे मात्र दुर्लक्ष करा. अशा बहुतेक ऑनलाइन चाचण्यांत ‘मी इतरांच्या भावना समजून घेतो’ अशी विधाने असतात आणि त्यांना आपण स्वतःच गुण देतो. ती आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्यासारखी गोष्ट आहे. तुमची खरी चाचणी त्या निनावी अभिप्रायात झालेली आहे.

सोडून गेलेल्या दोघांविषयी तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे. संबंध बिघडले नसतील, तर त्यांना एकदा भेटा आणि परत बोलावण्याच्या हेतूने नव्हे, तर काय दिसत होते ते समजून घेण्यासाठी भेटा. आता तुमच्या हाताखाली नसल्यामुळे ते जे सांगतील, ते इतर कोणी सांगणार नाही.

पद सोडण्याचा निर्णय सध्या घेऊ नका. सहा महिने वर लिहिलेले मनापासून करून पाहा आणि त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा: माणसांचे ऐकणे हे मला माझे काम वाटू लागले आहे, की अजूनही तो खऱ्या कामातला अडथळा वाटतो? अडथळाच वाटत राहिला, तर तांत्रिक कामाकडे परत जाण्यात यत्किंचितही कमीपणा नाही. ते काम तुम्ही आठ वर्षे उत्तम केले आहे. पण हे पद आपल्याला झेपत नाही या अपराधी भावनेतून जाऊ नका, कारण जो माणूस आपल्याविषयीचे असे वाक्य जसेच्या तसे उतरवून सल्ला मागतो, त्याच्यात शिकण्याची तयारी आहे, असे मी निःशंकपणे मानते.

एक गोष्ट मात्र पुढच्याच बैठकीत करा. सुरुवातीलाच, दोन मिनिटांत, असे काहीसे सांगा: ‘अभिप्रायात कोणीतरी लिहिले आहे की मी गप्प झालो की धास्ती वाटते. ते खरे आहे असे मला वाटते, आणि ते लिहिल्याबद्दल मी आभारी आहे. त्या सादरीकरणानंतर मी दोन दिवस बोललो नाही, ते चुकले. यापुढे मला विचाराला वेळ हवा असेल, तर मी तसे सांगेन आणि परत केव्हा बोलायचे तेही सांगेन. मी विसरलो, तर मला आठवण करून द्या.’ एवढे बोलून बैठकीच्या विषयाकडे वळा. कोणाकडून लगेच प्रतिसाद मागू नका. आणि ते वाक्य कोणी लिहिले असावे, याचा अंदाज बांधत बसू नका. तो बांधला गेलाच, तर तुमच्या नजरेतूनही तो त्या व्यक्तीला कळणार नाही, याची काळजी घ्या.